चाल : चिनी बाईची

आमच्या घरात घड्याळ नव्हतं, दादांचा गळा होता. सकाळी फार्मवर निघण्याआधी राखुंडीनं दात घासून झाले की एक चाल, संध्याकाळी तुरीच्या वाफ्यांतून परतून पाय धुताना दुसरी, आणि माय भाकरी थापायला बसली की थापांच्या ठेक्यात बसवलेली तिसरी. शेजारची म्हातारी गयाबाई म्हणायची, "शाहिराची दुसरी चाल झाली, चला, चूल पेटवाया पायजे." बदनापूरच्या शेतकी फार्मवर दादा, म्हणजे माझे वडील, मजूर होते आणि उरलेल्या वेळात वस्तीच्या गायन पार्टीचे शाहीर. पार्टी म्हणजे बाजाची एक पेटी, जिचा एक सूर दाबला की दाबलेलाच राहायचा, एक ढोलकी, दोन खंजिऱ्या आणि ओरडण्याचा कंटाळा नसलेले पाच-सहा जण. बारसं असो, लग्न असो, जयंती असो, नवं गाणं दादांनीच बांधायचं. बियाण्याची रिकामी खाकी पाकिटं उलटी फाडून ते त्यावर पेन्सिलीनं लिहीत, त्यामुळे आमच्याकडच्या सगळ्या कवितांना मुगाचा वास यायचा.

दादा चालीवर लिहीत. म्हणजे आधी चाल हाताशी, मग तिच्यात शब्द भरायचे. चाली सिनेमाच्या. जालन्याच्या टॉकीजमध्ये पाहिलेल्या, नाहीतर हॉटेलातल्या रेडिओवर ऐकलेल्या. दादांना हिंदी गाण्यांचे बोल धड समजत नसत आणि नावं तर बिलकुल ठाऊक नसत, म्हणून ते चालीला आपल्या मनानं नाव ठेवत आणि गाण्याच्या डोक्यावर ते नाव लिहीत, म्हणजे पेटीवाल्याला कळावं. 'चाल : नाव पाण्यावर हलते ती.' 'चाल : पाऊस पडताना दोघं झाडाखाली ती.' मुलींना शाळेत घाला असं सांगणारं त्यांचं एक गाणं आमच्या पंचक्रोशीत फार गाजलं. ते ऐकून गयाबाईनं आपली नात खरोखर शाळेत घातली. त्या गाण्यावर दादांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, 'चाल : हिरॉइन जिन्यावरून उतरते ती.' आम्हाला कोणालाच त्यात वावगं वाटत नसे. चालीचं नाव चालीचं, गाण्याचा अर्थ गाण्याचा.

वावगं वाटलं ते सरमामांना. हे माझ्या मायचे चुलतभाऊ. नाव उत्तम, पण जालन्याच्या एका कॉलेजात मराठीचे प्राध्यापक झाल्या दिवसापासून मायसुद्धा त्यांना 'सर' म्हणू लागली, आणि आम्ही पोरींनी सर आणि मामा दोन्ही ठेवून मधला मार्ग काढला. ते राहायला बदनापुरातच, रोज शटल गाडीनं जालन्याला जाऊन येत. आमच्या वस्तीतला पहिला एम. ए. माणूस, त्यांचा आम्हाला अभिमान होता आणि थोडी भीतीही. शटल उशिरा आली तरी ते फलाटावर उभं राहून जाडं पुस्तक वाचत, आणि पुस्तक असं धरत की नाव लोकांना दिसावं. मुक्तछंदात लिहीत. त्यांच्या कवितेत ओळी कुठं तुटतील याचा नेम नसे आणि का तुटल्या हे विचारायची कोणाची छाती नसे. मी पुढं जन्मभर शाळेत मराठीच शिकवलं, त्यामुळे त्यांना हसायचा मला फारसा अधिकार नाही हे मला समजतं. तरी हसते.

त्या वर्षी बुद्धपौर्णिमेला विहाराच्या समितीनं प्रथमच स्मरणिका काढायची ठरवली आणि निवडीचं काम साहजिकच सरमामांकडे गेलं. दादांनी आपली सहा गाणी निवडली, माझ्याकडून फुलस्केप कागदावर चांगल्या अक्षरात उतरवून घेतली, आणि धुतलेलं धोतर नेसून स्वतः नेऊन दिली. छापील कागदावर आपलं नाव पाहायची त्यांची केवढी हौस होती, ते मला त्या धोतरावरून कळलं. चौथ्या दिवशी सरमामा घरी आले. मायनं येसराची आमटी केली होती. त्यांनी दोन वाट्या आमटी ओरपली, मिशा पुसल्या आणि कागद पुढं ठेवले. प्रत्येक गाण्यावर तांबडी फुली होती.

"दाजी, वाईट वाटून घेऊ नका," ते म्हणाले, "पण याला कविता म्हणत नाहीत. आधी दुसऱ्याची चाल घ्यायची आणि तिच्यात आपले शब्द कोंबायचे, ही उसनवारी झाली. कविता आतून येते. आणि हे पाहा, मुलींच्या शिक्षणाचा विषय, अन् त्याच्या डोक्यावर हिरॉइन जिना उतरून राहिलीये! स्मरणिका उद्या विद्यापीठात जाईल. लोक काय म्हणतील?"

"म्हणाया तं सोपं जातं सर, चाल असली की," दादा म्हणाले. "लोकाहीच्या तोंडी बसतं."

"तोंडी बसतं म्हणूनच ती कविता नाही," सरमामा म्हणाले, आणि आमटी अजून आहे का ते विचारलं. मायनं वाढली. पण भांडं खाली ठेवताना तिनं जो आवाज केला तो मला अजून ऐकू येतो.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरातलं घड्याळ बंद पडलं. दादा रागावले नाहीत, कोणाला वाईट बोलले नाहीत; नुसते गप्प झाले. पाय धुताना फक्त पाण्याचा आवाज. भाकरीच्या थापा एकट्याच पडू लागल्या. पाकिटं कोनाड्यात साचत गेली आणि एक दिवस मायनं त्यांतली चार चुलीत घातली, तेव्हा दादांनी मान वर करूनही पाहिलं नाही. एरवी मायच त्यांना "गळ्याला काय खाज सुटली का" म्हणून टोचायची. आता तीच चोरून त्यांच्या तोंडाकडे पाहायची. "सुजे," ती मला परसात म्हणाली, "तुह्या बापाला कायतरी झालंय. माणूस जेवून राह्यला पण गाऊन न्हाई राह्यला." मी मॅट्रिकला होते, मला वाटायचं मला सगळं येतं. पण बापाला गायला कसं लावायचं ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

आणि नेमकं ते पुस्तकातच निघालं. सरमामांनी औरंगाबादच्या फुटपाथवरून एक इंग्रजी ग्रंथ आणला होता, चिनी कवितांचा. चीन म्हटल्यावर समितीचे अध्यक्ष घाबरले. लढाई होऊन दहा-बारा वर्षंच झाली होती. "पोलिसानं इचारलं तं काय सांगू?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा सरमामांनी "बौद्ध चीन निराळा, लढाईवाला चीन निराळा" अशी चीनची फाळणी करून दिली. त्या ग्रंथात त्यांना एक कविता सापडली होती, जिच्या मथळ्यात चक्क बोधिसत्त्वाचं नाव होतं. एवढं पुरे होतं. ही हजार वर्षांपूर्वीची चिनी बुद्धवंदना आहे असं त्यांनी जाहीर केलं, आठ रात्री जागून तिचा अनुवाद केला, आणि स्मरणिकेच्या पहिल्या पानावर, कमळाच्या चित्राखाली, ती टाकायचं ठरवलं. माझं अक्षर चांगलं म्हणून प्रत करायचं काम माझ्याकडे आलं, आणि ताडून पाहण्यासाठी ग्रंथही आमच्या घरी आला.

अनुवाद असा सुरू होत होता, 'हे वातायनस्थिते, तव वेणीतील म्लान सुमन...' मी प्रत करत गेले आणि मला घाम फुटत गेला. कारण पुढं वेणी होती, आरसा होता, न लोटलेलं दार होतं, दक्षिणेकडे गेलेली एक नाव होती. पण बुद्ध कुठंच नव्हता. मी ग्रंथ चाळला. पुढं साठ पानांची प्रस्तावना होती आणि तिची पानं कडेला एकमेकांना चिकटलेली, कापायची राहिलेली. म्हणजे सरमामांनी ती वाचली नव्हती, आणि त्यांच्याआधी ज्यानं हा ग्रंथ फुटपाथला विकला त्यानंही नाही. मी मायची विळी घेतली आणि पानं कापली. डिक्शनरी मांडीवर घेऊन पुढचे आठ-दहा दिवस मी ती प्रस्तावना वाचली. मॅट्रिकचा अभ्यास तेवढे दिवस राहिला आणि पुढं गुणांत त्याचं प्रत्यंतरही आलं.

एक दिवस दादा फार्मवरून आले, पाय धुवून ओट्यावर बसले, तेव्हा मी ग्रंथ घेऊन त्यांच्याजवळ गेले. "दादा, ऐका तं खरं. चीनमधले मोठमोठे कवी बी चालीवरच लिहायचे."

ते पाय पुसत राहिले. मी सांगत गेले. की तिथं फार जुन्या काळी राजा गावोगाव अधिकारी पाठवायचा, लोकांची गाणी गोळा करायला, म्हणजे रयतेच्या पोटात काय आहे ते कळावं. यावर चुलीपासून माय म्हणाली, "आपल्याकडं बी अधिकारी येतो. तो कोंबडी गोळा करतो." की मग सरळ, सारख्या मापाच्या ओळींची कविता आली, पाच-पाच नाहीतर सात-सात अक्षरांची, ती लिहिता आली तर सरकारी नोकरी मिळायची. आणि मग व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर दूरच्या मुलखातून नव्या चाली आल्या. दारूच्या गुत्त्यांत, कोठ्यांवर गाणाऱ्या बायका त्या गात. लोकांना त्यांनी वेड लावलं. आणि मोठे मोठे दरबारी पंडित गुपचूप त्या चालींत आपले शब्द भरू लागले. भरणं, हाच शब्द होता त्यांच्याकडे. इतर पंडित नाक मुरडत, म्हणत की ही काय कविता, हे तर कवितेचं उरलंसुरलं. "आणि दादा, गाण्याच्या डोक्यावर ते चालीचं नाव लिहायचे. आत काय बी असो. वर बोधिसत्त्व आणि आत नवऱ्याची वाट पाहणारी बाई. तुमच्या हिरॉइनसारखं."

दादांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "कोठ्यावरच्या चाली? आन् मोठाले पंडित?"

"हो. आणि आज तीच त्यांची थोर कविता म्हणतात."

"म्हन मंग ती चाल."

"चाली हरवल्या दादा. कोणालाच येत नाहीत. नुसती नावं राहिली. मागून आलेले कवी अक्षरं मोजून मापात शब्द भरायचे."

मला वाटलं होतं त्यांना आनंद होईल. त्यांचा चेहरा एखाद्याच्या घरी मयत झाल्याचं कळावं तसा झाला. "सगळ्या? येवढे शिकले-सवरलेले लोकं, आन् चाल धरून ठिवाया एक गळा न्हाई भेटला?" मग त्यांनी ग्रंथ माझ्या हातातून घेतला. इंग्रजीचं अक्षर त्यांना येत नव्हतं. ते नुसतं पानाच्या आकाराकडे पाहत राहिले, आणि ओळींवरून बोट फिरवलं. "ही वळ लांब. ही बी लांब. ही तिसरी आखूड. मंग पुन्हा लांब." त्यांचं बोट तिसऱ्या ओळीपाशी थांबलं. "इथं ती गाणारी बाई थांबत आसंल, सुजे. दम घ्याला न्हाई. तिला पुढचं म्हणू वाटंना म्हणून." मी पुढं साहित्याच्या समीक्षेची बरीच पुस्तकं वाचली. असं वाक्य एकात नव्हतं.

"तिचं काय गाऱ्हाणं हाय, ते साध्या भाषेत सांग," ते म्हणाले. मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी पाय धुताना त्यांच्या गळ्यातून काहीतरी आलं. गाणं नव्हतं, नुसती हूं-हूं. मायचे हात परातीत थांबले आणि तिनं मला बोटानं गप्प राहायची खूण केली. सिनेमाची एकही चाल त्या बाईला बसेना. तिसऱ्या आखूड ओळीपाशी प्रत्येक चाल घसरून पडायची. जिना उतरणारी हिरॉइन लावून पाहिली, हलणारी नावही लावून पाहिली. शेवटी दादांनी उसनवारी सोडली आणि जन्मात पहिल्यांदा चाल स्वतः बांधली.

सरमामांना मी सांगितलं नाही असं नाही. शटलवरून उतरल्यावर त्यांना गाठून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "सुजाता, प्रस्तावना लिहिणारा इंग्रज आहे. त्याला बौद्ध दृष्टी कुठून असणार?" शिवाय स्मरणिका छापून झाली होती.

पौर्णिमेच्या दिवशी खीर ढवळायचं काम दरवर्षी माझं. सुजातेनं बुद्धाला खीर दिली, तेव्हा नाव ठेवतानाच माझ्या हातात डाव दिला गेला होता. पण त्या संध्याकाळी डाव मायकडे देऊन मी विहाराच्या पत्र्याखाली पुढं जाऊन बसले. ऊन उतरलं होतं, तरी पत्रा तापलेलाच होता. दादा पार्टीबरोबर आले होते, पण मागं, खंजिरी घेऊन. समितीला त्यांनी आधीच कळवलं होतं की आपण गाणार नाही. सरमामा उठले आणि त्यांनी 'वातायनस्थिते'पासून सुरुवात केली. वाचून झाल्यावर अर्थ सांगितला. वेणीतलं सुकलेलं फूल म्हणजे अनित्यता. आरसा म्हणजे माया. दक्षिणेला गेलेली नाव म्हणजे धम्मनौका. आणि ज्यांची वाट पाहणं चाललं आहे ते म्हणजे महापरिनिर्वाण पावलेले तथागत. माणसं हात जोडून बसली होती. बायकांच्या बाजूला मात्र कुजबुज वाढत गेली, आणि गयाबाई उभी राहिली.

"सर, येक इचारू का? ती बाई येकलीच हाय का घरी?"

"ती बाई नाही, ते प्रतीक आहे," सरमामा म्हणाले.

"आसंल. पण दार उघडं टाकून बसली म्हंता. मंग तिचा नवरा कवा येतो?"

बायका हसल्या, मग पुरुष हसले, मग हात जोडलेल्यांनी हात सोडले. सरमामांनी "शांतता, शांतता" केलं आणि चष्मा काढून पुसला. चष्म्याविना त्यांचा चेहरा एकदम उत्तमचा झाला, मायच्या धाकट्या चुलतभावाचा. मला त्यांचा राग येत होता आणि त्याच वेळी रडूही येत होतं. गलका थांबेना, तेव्हा अध्यक्षांनी घाबरून पार्टीकडे हात केला. "म्हणा काहीतरी, जल्दी."

पेटीवाल्यानं नेहमीचा सूर धरला. दादांनी खंजिरी खाली ठेवली आणि मागूनच, उभं न राहता, सुरुवात केली.

'दार लोटलं न्हाई बाई, दिवा इझवला न्हाई,
नाव गेली दक्षिणेला, निरोप कसला न्हाई,
वाट बी थकली.
येनीतलं फूल सुकलं, म्या काढलं न्हाई.'

तिसऱ्या ओळीला त्यांनी आवाज खाली आणला नाही, वरही नेला नाही. तो तिथंच धरला, आणि सोडून दिला. पेटीवाला चुकला आणि त्यानं हात उचलला. दुसऱ्यांदा गाणं आलं तेव्हा बायका चौथी ओळ बरोबर उचलू लागल्या. फार्मवरच्या, वीटभट्टीवरच्या, नवरे दर साल साखर कारखान्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या बायका. गयाबाईचा नवरा निजामाच्या काळात गाव सोडून गेला तो परत आला नव्हता. ती डोळे मिटून गात होती. चीन कुठं आहे हे त्यांच्यातल्या एकीलाही माहीत नव्हतं. सरमामा उभेच होते, स्मरणिका हातात धरून. मग तेही खाली बसले, बायकांच्या अलीकडे, सतरंजी सोडून. खीर त्या दिवशी बुडाला लागली. माय डाव सोडून दारात येऊन उभी राहिली होती.

पुढच्या वर्षी सरमामांनी 'चालबद्ध रचनेची चिनी परंपरा' नावाचा मोठा लेख लिहिला. त्याचं कौतुक झालं. त्यात आमच्या विळीचा उल्लेख नव्हता. पण त्याच वर्षीच्या स्मरणिकेत त्यांनी दादांची सहाच्या सहा गाणी घातली, आणि डोक्यावरच्या हिरॉइनला हात लावला नाही. दादांनी ती स्मरणिका धोतराच्या सोग्यानं पुसून पाहिली, जणू छापलेलं नाव निघून येईल. आणि त्यानंतर मरेपर्यंत ते आपल्याच चालीवर लिहीत राहिले. विहिरीवर, दुष्काळावर, माझ्या लग्नावर. प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर एकच ओळ, 'चाल : चिनी बाईची.'

हे सगळं आज काढायचं कारण म्हणजे गेल्या उन्हाळ्यात विद्यापीठातून एक मुलगी आली होती. ग्रामीण शाहिरांवर संशोधन करते. गोड मुलगी, 'मॅडम, मॅडम' म्हणत होती. पाकिटांवरून मी उतरवून ठेवलेली दादांच्या गाण्यांची वही तिनं पाहिली, फोटो काढले, आणि गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "मॅडम, ही चिनी बाई म्हणजे जागतिक भांडवलशाहीचं प्रतीक धरायचं ना? दुष्काळाच्या गाण्यावर तर स्पष्टच आहे." मला सरमामांची इतकी आठवण झाली की मी उठून तिच्यासाठी चहा टाकला. परत येऊन तिला सगळं सांगितलं. तिनं लिहून घेतलं. मग म्हणाली, "मग ती चाल म्हणून दाखवता का?" आणि मोबाइल पुढं धरला.

मी म्हटली. पहिली ओळ आली. दुसरी आली, अगदी दादांच्या गळ्यासारखी. आणि तिसऱ्या आखूड ओळीपाशी काहीच नव्हतं. माय असती तर तिनं परातीवर थाप मारून दाखवली असती. गयाबाई नाही, पेटीवाला नाही. मी डोळे मिटले, पाण्याचा आवाज आठवला, धुतलेले पाय आठवले, चाल आठवली नाही. त्या क्षणी 'विसरले' एवढं म्हणता आलं असतं. जन्मभर मुलांना खरं बोला म्हणून शिकवलेली बाई मी. पण मोबाइलवरचा तांबडा ठिपका चालू होता, आणि एक गळा नाही भेटला म्हणून उतरलेला दादांचा चेहरा समोर होता. मी अक्षरं मोजली, दुसऱ्या ओळीचीच चाल थोडी तोडून तिसरीला लावली, आणि गाणं पुरं केलं.

मुलीनं टाळ्या वाजवल्या. म्हणाली, आता ही चाल कायमची जपली गेली, मॅडम.